निवड झाली की तो आपला राहत नाही

मुंबईच्या रणजी संघावर जीव असलेल्या माणसाला अधूनमधून अशी एक बातमी मिळते, जी ऐकून तो एकाच वेळी आनंदतो आणि हळहळतो. ज्या मुलाला त्याने मिसरूड फुटल्यापासून खेळताना पाहिले, ज्याच्या पहिल्या शतकाच्या दिवशी तो वानखेडेवर किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर उन्हात बसला होता, त्या मुलाची भारतीय संघात निवड होते. आपण वर्षानुवर्षे सांगत होतो ते निवड समितीला अखेर पटले, याचे समाधान मोठे असते. पण त्याच क्षणी हेही कळून चुकते, की आता हा आपल्याला सहजासहजी पाहायला मिळणार नाही. भारतीय संघाचे दौरे, आयपीएल आणि मधल्या काळातली सक्तीची विश्रांती यांतून रणजीसाठी त्याचे क्वचितच दिवस उरतील. त्याचे यश पूर्ण झाले, की आपल्या संघातून तो जवळजवळ नाहीसा होतो.

दुसऱ्या कोणत्याही संघाच्या चाहत्याला हा अनुभव सहसा येत नाही. भारतीय संघाचा चाहता आपल्या खेळाडूला यशस्वी होताना पाहतो आणि तो खेळाडू त्याच्याकडेच राहतो. आयपीएलमधल्या संघाचा चाहता खेळाडू गमावतो तो लिलावात, म्हणजे व्यवहारात. रणजी संघाच्या चाहत्याला मात्र खेळाडू गमवावा लागतो तो त्याच्या गुणवत्तेमुळे, आणि त्याबद्दल तक्रार करण्याची सोय नसते, कारण हे व्हावे अशीच त्याची स्वतःची इच्छा असते. या प्रेमातला आनंद आणि त्यातली घुसमट यांची मुळे एकमेकांत किती गुंतलेली आहेत, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

रोहित शर्मा 2025 च्या जानेवारीत जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून मैदानात उतरला, तेव्हा तो सुमारे दहा वर्षांनी रणजी सामना खेळत होता. त्या सामन्यात मुंबईच्या संघात रोहित, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे आणि शार्दूल ठाकूर असे सगळे एकत्र आले होते. पहिला डाव 120 धावांत आटोपला, आणि जम्मू-काश्मीरने तो सामना पाच गडी राखून जिंकला. मुंबईची थोडीफार लाज राखली ती शार्दूलने, पहिल्या डावात 51 आणि दुसऱ्या डावात 119 धावा करून. मला त्या पराभवाचे दुःख झालेच, पण त्याहून अधिक बोचली ती एक वेगळी गोष्ट. दहा वर्षे ज्या तरुणांनी हा संघ चालवला, त्यांच्यातल्या काहींना त्या आठवड्यात जागा रिकामी करावी लागली होती. मोठी माणसे घरी आली याचा आनंद मानावा, की रोजच्या माणसांना बाजूला बसावे लागले याचे वाईट वाटून घ्यावे, हे त्या दिवशी मला ठरवता आले नाही, आणि आजही ठरवता येत नाही.

म्हणून रणजीच्या चाहत्याचे खरे प्रेम हळूहळू जाऊन बसते ते जे गेले नाहीत त्यांच्यावर. मुंबईत या यादीतले पहिले नाव पद्माकर शिवलकर यांचे. प्रथम श्रेणीत 589 बळी घेतलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, कारण त्यांचा काळ आणि भारतीय संघातले तसेच डावखुरे फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी यांचा काळ एकच होता. 1972-73 च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूचा डाव 80 धावांत गुंडाळला गेला तेव्हा शिवलकरांनी 16 धावांत 8 बळी घेतले होते, आणि दुसऱ्या डावात 18 धावांत 5. मुंबईचे ते सलग पंधरावे विजेतेपद. 1958-59 पासून अखंड चाललेली ती मालिका त्याच विजयाने पूर्णत्वाला गेली आणि पुढच्या हंगामात कर्नाटकने ती तोडली. मी तो सामना पाहिलेला नाही. पण तो पाहिलेल्या किंवा रेडिओवर ऐकलेल्या माणसांच्या तोंडून त्याचे वर्णन ऐकतच आमची पिढी मोठी झाली. शिवलकरांचा उल्लेख करताना त्या माणसांच्या आवाजात जी माया असायची, ती कसोटी खेळलेल्या पुष्कळ मोठ्या खेळाडूंच्या वाट्यालाही आलेली मी ऐकलेली नाही. ते पूर्णपणे मुंबईचे राहिले, कारण दुसऱ्या कोणी त्यांना नेले नाही. त्या मायेत अभिमान होता, आणि न फिटलेल्या अन्यायाची जाणीवही होती.

माझ्या पिढीच्या वाट्याला अमोल मुझुमदार आला. शाळेत असताना, 1988 साली, तेंडुलकर आणि कांबळी यांची 664 धावांची भागीदारी चालू होती तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून तो बसून होता, ही कथा सर्वांना ठाऊक आहे आणि ती इतक्यांदा सांगितली गेली आहे, की तिने त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाला झाकून टाकले आहे. वस्तुस्थिती अशी, की त्याने पदार्पणाच्याच सामन्यात हरियाणाविरुद्ध 260 धावा केल्या आणि पुढे प्रथम श्रेणीत 11 हजारांहून अधिक धावा जमवल्या. हे सारे करूनही त्याला भारताची टोपी मिळाली नाही. मधल्या फळीत द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण आणि गांगुली असताना जागा कुठून मिळणार, असे त्या काळी सांगितले जाई, आणि ते उत्तर बरोबर असूनही त्याने समाधान होत नसे.

माझ्या मनातला मुझुमदार 2006-07 च्या हंगामातला आहे. कर्णधार म्हणून त्याच्या हाती आलेला संघ पहिले तिन्ही सामने हरला होता. त्या दिवसांत वर्तमानपत्राचे शेवटचे पान उघडायला मन धजावत नसे. मग संघ सावरला, जिंकू लागला आणि उपांत्य फेरीत बडोद्यासमोर येऊन ठेपला. तिथे दुसऱ्या डावात मुंबईची अवस्था शून्यावर पाच बाद अशी झाली. धावफलकावर एकही धाव नाही आणि निम्मा संघ तंबूत, असे दृश्य मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. तरीही मुंबई तो सामना जिंकली, आणि पुढे वानखेडेवर बंगालला हरवून करंडकही तिने उचलला. अंतिम सामन्यात सचिन तेंडुलकर आणि झहीर खान परतले होते, दोघांनीही मोठी कामगिरी केली, आणि गर्दी त्यांच्यासाठीच जमली होती. पण हंगामाच्या तळाशी असलेल्या त्या संघाला डिसेंबरात सोडून न गेलेले जे थोडे लोक होते, त्यांना तो करंडक मुझुमदारच्या हातात कसा दिसला, हे शब्दांत सांगणे अवघड आहे.

माझ्या घरात ही ओढ आली ती मामाकडून. मामाने 1991 चा अंतिम सामना वानखेडेवर बसून पाहिला होता. हरियाणाच्या कपिलदेवच्या संघाने चौथ्या डावात मुंबईपुढे 355 धावांचे लक्ष्य ठेवले होते, सचिनने 96 धावा फटकावल्या आणि दिलीप वेंगसरकर एका बाजूने 139 धावांवर नाबाद राहिले. शेवटचा गडी धावबाद झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. मैदानावरच वेंगसरकरांना अश्रू अनावर झाले. मामा हे सांगायचा तेव्हा धावांचा तपशील भराभर उरकायचा आणि शेवटी नेहमी एकाच गोष्टीवर यायचा. “अरे, तोवर ते किती कसोटी खेळून चुकले होते, लॉर्ड्सवर तीन शतके ठोकलेला माणूस तो! आणि रणजी हरल्यावर तो रडला.” मला मुंबई क्रिकेट म्हणजे काय हे कोणत्याही लेखापेक्षा त्या एका वाक्यातून समजले. मोठा झालेला खेळाडू परत येतो तेव्हा तो पाहुणा म्हणून येतो की घरचा म्हणून, हे ओळखण्याची माझी कसोटी तेव्हापासून तीच आहे.

पराभवापेक्षा मला अधिक छळते ती उपेक्षा. रणजी सामन्यांना बहुतेक ठिकाणी प्रवेश विनामूल्य असतो, तरीही हजारोंच्या क्षमतेच्या मैदानात काही डझन माणसे बसलेली दिसतात. विराट कोहली 2025 च्या जानेवारीअखेर दिल्लीकडून खेळला तेव्हा कोटलाच्या प्रवेशद्वारांवर पहाटेपासून रांगा लागल्या. रेल्वेच्या हिमांशू सांगवानने 6 धावांवर त्याचा त्रिफळा उडवला आणि प्रेक्षागार रिकामे होऊ लागले. सामना अजून चालू होता, सांगवानच्या आयुष्यातला सर्वात मोठा चेंडू त्याने नुकताच टाकला होता, आणि लोक घरी निघाले होते. खेळावर प्रेम करणे आणि खेळाडूला पाहायला जाणे यांत मी प्रतवारी लावू इच्छित नाही, ज्याने त्याने आपापल्या आवडीने जावे. पण त्या दृश्याने मला वेदना झाल्या, आणि त्या लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

वेळापत्रकाबद्दलही मनात राग आहे. 2024-25 पासून रणजी हंगाम दोन तुकड्यांत खेळवला जातो आणि मध्ये वीस षटकांची व पन्नास षटकांची स्पर्धा येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संघाला जी लय सापडते ती जानेवारीत पुन्हा शोधावी लागते, आणि चाहत्यालाही गुणतक्त्याशी तुटलेले नाते नव्याने जोडावे लागते. उत्तरेतल्या धुक्याचे कारण योग्य आहे हे मान्य करूनही मला ही रचना आवडत नाही. पण 2020-21 च्या हिवाळ्याशी तुलना केली, की राग निवतो. 1934-35 मध्ये स्पर्धा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्या वर्षी रणजी करंडक झाला नाही. साथीच्या त्या दिवसांत लोकांवर कोसळलेल्या दुःखांपुढे ही गोष्ट क्षुल्लक होती. तरीही सकाळी साडेनऊ वाजता कुठेही पहिला चेंडू पडत नाही, ही जाणीव त्या संपूर्ण हिवाळ्यात माझ्यासोबत राहिली.

आता ज्या दिवसासाठी हे सारे सोसावे, त्याबद्दल लिहितो. 14 मार्च 2024, वानखेडे, अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. विदर्भापुढे 538 धावांचे अशक्यप्राय लक्ष्य होते आणि निम्मा संघ आदल्या दिवशीच बाद झाला होता. सकाळच्या लोकलमध्ये सर्वांनी धरूनच चालले होते, की जेवणाच्या आत सामना आटोपेल आणि दुपारी कामावर जाता येईल. पण कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे हटेनात. अख्खे पहिले सत्र त्या दोघांनी बिनबाद खेळून काढले. मार्चमधल्या मुंबईचा तो घामट उकाडा होता. रुळांवरून मरीन लाइन्सकडे गाड्या जात-येत होत्या, त्यांचा आवाज मैदानातल्या शांततेत स्पष्ट ऐकू येत होता.

माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ मांडीवर लांबट वही घेऊन चेंडूगणिक नोंद करत होते. धाव न मिळालेल्या चेंडूसाठी एक ठिपका, आणि षटक निर्धाव गेले की ते सहा ठिपके रेषांनी जोडून त्याचा इंग्रजी एम करायचा, ही धावलेखकांची जुनी पद्धत त्यांनी जपली होती. त्यांची पेन्सिल इतकी बारीक केलेली होती, की ठिपका टेकवताना कागदावर टोक वाजल्याचे मला ऐकू येई. वाडकरने एक चेंडू पुढे पाय टाकून बॅटीखाली दाबून टाकला, तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, “विदर्भाचा असला तरी पोरगा खेळतोय बरं का छान. त्याला लवकर काढा, नाहीतर आपली खैर नाही.” त्या एका वाक्यात कौतुक होते आणि धास्तीही होती. वाडकरचे शतक झाले, तेव्हा त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच पुन्हा वहीकडे वळले.

भागीदारी 130 धावांवर पोहोचली. धावसंख्या पाच बाद 353. पोटात गोळा येणे म्हणजे काय, हे त्या अर्ध्या तासात मी अनुभवले. हिशेबाने विदर्भ अजून फार दूर होता, पण 1991 ची कथा ऐकत वाढलेल्या माणसाला चौथ्या डावात हिशेबाचा आधार वाटत नाही. मग तनुष कोटियनने वाडकरला पायचीत पकडले, आणि बांध फुटावा तसे शेवटचे पाच गडी पंधरा धावांत गेले. त्या शेवटाकडे येत असताना रहाणेने चेंडू धवल कुलकर्णीच्या हाती दिला. धवलचा हा अखेरचा सामना होता. कसोटी संघात निवड होऊनही त्याला कधी कसोटी खेळायला मिळाली नव्हती. तो 2008-09 पासून मुंबईसाठी धावत आला होता. 2013 मध्ये हरियाणातल्या लाहलीला सचिन तेंडुलकर शेवटचा रणजी सामना जिंकून परतला, तेव्हा दुसऱ्या टोकाला हाच धवल उभा होता. उमेश यादवचा शेवटचा बळी त्याने घेतला आणि मुंबईचे बेचाळिसावे विजेतेपद पूर्ण झाले. पहिल्या डावात 75 धावा करून डाव सावरणारा शार्दूल, दुसऱ्या डावात 136 धावा करणारा एकोणीस वर्षांचा मुशीर खान, 95 धावांची खेळी करणारा श्रेयस, सर्वांचा त्या विजयात वाटा होता. पण शेवटचा चेंडू धवलच्या हातून पडावा हे रहाणेला सुचले, यासाठी मी त्याचा कायम ऋणी राहीन. रहाणे स्वतः भारताचा कर्णधार राहिलेला माणूस, आणि तरीही त्याला हे कळत होते, की हा क्षण कोणाचा आहे.

त्याच हंगामाच्या उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी दहाव्या व अकराव्या क्रमांकावर येऊन दोघांनीही शतके झळकावली होती. एका डावात असे घडण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ती दुसरीच वेळ, पहिली 1946 मध्ये इंग्लंडमधल्या ओव्हलवर, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांची. अशा गोष्टी समोर घडताना पाहणारे मोजकेच असतात, आणि आपण त्या मोजक्यांत होतो याचा आनंद वर्षानुवर्षे पुरतो.

घरातलेच कोणी दुसऱ्याच्या बाजूने उभे राहिले, की होणारे दुःख वेगळे असते. मुंबईचे जुने यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित विदर्भाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी 2017-18 व 2018-19 असे सलग दोनदा त्या संघाला विजेते केले. मुंबईकडून वर्षानुवर्षे धावांचे डोंगर रचलेला वसीम जाफर त्या विदर्भ संघात होता. पुढे 2022 मध्ये बंगळुरूला अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने मुंबईलाच हरवले, तेव्हाही प्रशिक्षक पंडितच होते. 1999 मध्ये त्याच मैदानावर ते मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतले पाणी पाहून मला मुंबई हरल्याचा विसर पडला असे मी म्हणणार नाही. सरफराज खानने त्या सामन्यात शतक केले होते आणि तरी आपण हरलो, हे मनाला लागलेच. पण पंडितांना मिळाले ते त्यांच्या हक्काचे होते, हेही त्याच वेळी मनात आले. मुंबईच्या मैदानांवर शिकलेले शहाणपण नागपूर-इंदूरला जाऊन रुजत असेल, तर त्यात मुंबईचे काय कमी झाले?

2025 च्या उपांत्य फेरीत विदर्भाने मुंबईला 80 धावांनी हरवले. वानखेडेवर आम्हाला तंगवणाऱ्या हर्ष दुबेने त्या हंगामात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. 2 मार्चला नागपुरात विदर्भ विजेता ठरला, आणि दुसऱ्याच दिवशी पद्माकर शिवलकर गेल्याची बातमी आली. त्या दोन दिवसांत मी कोणाशी क्रिकेटबद्दल बोललो नाही.

पुढे त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि प्रशिक्षक म्हणून अमोल मुझुमदार मैदानात उभा होता. भारताकडून एकही सामना न खेळलेला प्रशिक्षक, अशी त्याची ओळख दुसऱ्या दिवशी सगळीकडे करून दिली गेली. ती खरीच होती. पण मला त्या रात्री आठवत होता तो पहिले तीन सामने हरलेल्या संघाचा कर्णधार. या स्पर्धेतही साखळी फेरीत भारतीय संघ लागोपाठ तीन सामने हरला होता. अशा वेळी ड्रेसिंग रूममध्ये काय बोलायचे असते, हे त्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती, आणि ते तो कुठे शिकला हे आम्हा थोड्यांना माहीत होते.

आता विरारचा आयुष म्हात्रे आला आहे. 2024 च्या ऑक्टोबरात, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने महाराष्ट्राविरुद्ध 176 धावा केल्या आणि काही महिन्यांत आयपीएलने त्याला हेरले. तो लवकरच भारताकडून खेळेल अशी माझी मनापासून इच्छा आहे. तोपर्यंत मुंबईचा प्रत्येक सामना लागला, की संघाच्या यादीत मी सर्वात आधी त्याचेच नाव शोधतो.